टीव्हीत न मावलेली शर्यत

आयर्लंड आणि इंग्लंड यांच्या मधल्या समुद्रात आइल ऑफ मॅन नावाचं बेट आहे. तिथे १९०७ पासून मोटरसायकलच्या शर्यती होतात. नाव टुरिस्ट ट्रॉफी, पण सगळे टीटीच म्हणतात. तिच्यासाठी वेगळा ट्रॅक बांधलेला नाही. राजधानी डग्लसमधून निघायचं, गावांच्या मधून, दगडी कुंपणांना खेटून, स्नेफेल डोंगराच्या अंगावरून वळसा घालून परत डग्लसला यायचं. एक फेरी ६०.७ किलोमीटरची, वळणं दोनशेच्या वर. एरवी याच रस्त्यावरून शाळेच्या बस आणि ट्रॅक्टर जातात. २०२३ मध्ये पीटर हिकमनने इथे ताशी २१९ किलोमीटर वेगाने फेरी मारली. हा सरासरी वेग, म्हणजे गावातली काटकोनी वळणंसुद्धा त्यात धरलेली.

एवढी जुनी आणि नावाजलेली शर्यत, पण संपूर्ण टीटी घरबसल्या थेट पाहायची सोय २०२२ पर्यंत नव्हती. ब्रिटिश टीव्हीवर रात्री हायलाइट्स यायचे. शर्यत चालू असताना काय चाललंय ते कळायला मँक्स रेडिओ लावावा लागे. बेटावर कुंपणाला टेकून उभे असलेलेही तोच कानाला लावून असत, कारण समोरून स्वार भुर्रकन गेला की तो पुन्हा दिसेपर्यंत त्याची खबर देणारं दुसरं कोणी नसे.

टीव्हीने हात का लावला नाही? खर्च हे एक कारण आहेच. मैदान मोजक्या कॅमेऱ्यांत बसतं, साठ किलोमीटरचा डोंगरी रस्ता बसत नाही. पण माझ्या मते खरी अडचण घड्याळाची होती. टीटीत सगळे एकदम सुटत नाहीत. दहा-दहा सेकंदांनी एकेकाला सोडतात आणि लढत वेळेशी असते, त्यामुळे रस्त्यावर पुढे दिसणारा शर्यतीत पुढे असेलच असं नाही. त्यात हवेचा भरवसा नाही. डोंगरावर धुकं उतरलं की बचावाचं हेलिकॉप्टर उडू शकत नाही, आणि ते उडणार नसेल तर शर्यत सुटत नाही. दुपारी एकची शर्यत चारला जाते, चारची दुसऱ्या दिवशी. ज्यांच्या बातम्या आणि मालिका मिनिटावर ठरलेल्या आहेत, त्या वाहिन्यांना हे परवडत नाही.

आणि या रस्त्याने आजवर अडीचशेहून अधिक स्वारांचे जीव घेतले आहेत. हायलाइट्स बनवताना काय दाखवायचं नाही हे ठरवायला संपादकाला काही तास मिळतात. थेट प्रक्षेपणात ते मिळत नाहीत.

कोविडमुळे २०२० आणि २०२१ ची टीटी झाली नाही. २०२२ मध्ये ती परतली ती ‘टीटी प्लस’ ही स्वतःची ऑनलाइन सेवा घेऊन. शर्यतीची मालकी बेटाच्या सरकारकडेच आहे, त्यामुळे कुणा वाहिनीच्या वेळापत्रकात जागा मागायची गरज उरली नाही. हेलिकॉप्टरचं चित्र, रस्त्याकडेचे आणि बाइकवरचे कॅमेरे, आणि सोबत पडद्यावर वेळांचा तक्ता, ज्याच्याशिवाय ही शर्यत समजतच नाही. उशीर झाला तर झाला, समालोचक गप्पा मारत राहतात. सरावाच्या फेऱ्या तिथे संध्याकाळी सहानंतर सुरू होतात, म्हणजे आपल्याकडे रात्री साडेदहानंतर. धीर मात्र हवा. २०२५ मध्ये सगळ्यात मानाची सीनिअर टीटी जोरदार वाऱ्यामुळे शेवटी रद्दच झाली.

गंमत अशी की इंटरनेटवरून पाठवायला अत्यंत अवघड चित्र याच खेळाचं असतं. व्हिडिओ दाबून लहान करताना प्रत्येक चौकट अख्खी पाठवत नाहीत, आधीच्या चौकटीपेक्षा जे बदललं तेवढंच पाठवतात. बातम्या देणाऱ्या बाईंच्या मागची भिंत हलत नाही, त्यामुळे काम थोडक्यात भागतं. बुद्धिबळ तर जवळपास फुकटात जातं. बाइकवरच्या कॅमेऱ्यात मात्र रस्ता, कुंपण, झाडं सगळंच धावतं. क्षणाक्षणाला अख्खी चौकट नवी होते. पानांनी गच्च भरलेली झाडं या हिशेबाची शत्रूच. नेट जरा मंदावलं की आधी हिरवळीचे चौकोन होतात, मग स्वाराचे. सेवेकडे एकाच चित्राच्या कमी-जास्त दर्जाच्या अनेक प्रती तयार असतात. तुमच्या नेटची ताकद पाहून त्यातली एक येते, म्हणून चित्र मध्येच धूसर होऊन पुन्हा लख्ख होतं.

डेटाचं गणित सोपं आहे. ५ एमबीपीएसचं चित्र धरलं तर पाऊण तासाला साधारण पावणेदोन जीबी जातात. म्हणजे रोजच्या दीड जीबीच्या रिचार्जवर ट्रॅकवरच्या मोटरसायकल विश्वविजेतेपदाची, म्हणजे मोटोजीपीची, मुख्य शर्यत शेवटच्या फेऱ्यांआधीच बंद पडणार. सहा फेऱ्यांच्या सीनिअर टीटीला घरचं वायफायच हवं.

शिवाय ‘थेट’ म्हणजे अगदी थेट नव्हे. व्हिडिओ काही सेकंदांच्या तुकड्यांत येतो आणि दोन-तीन तुकडे हाताशी साठवल्याशिवाय सुरू होत नाही, त्यामुळे तुम्ही अर्धा मिनिट मागे असू शकता. इटलीतल्या मुजेल्लोच्या ट्रॅकवर तेवढ्यात मोटोजीपीचा स्वार दीड किलोमीटर पुढे गेलेला असतो. वेळांचं अॅप मात्र चित्राच्या पुढे धावतं, आणि टीव्हीवर पाहणारा मित्र व्हॉट्सअॅपवर निकाल टाकून मोकळा होतो. डिशचं चित्र लवकर पोचतं, पण मुसळधार पावसात छतावरची छत्री मान टाकते. आषाढात दोन्हींतलं कोणतं बरं, ते घरोघरी वेगळं.

गमावलं तेही आहे. ब्रिटनमध्ये २०१३ पर्यंत मोटोजीपी बीबीसीवर दिसायची, पुढच्या वर्षापासून ती पैसे भरून पाहायच्या बीटी स्पोर्टवर गेली. रिमोट फिरवताना सहज सापडलेली शर्यत पासच्या दाराआड सापडत नाही. पुण्यात आजही बाइकवर मोटोजीपीच्या व्हॅलेंटिनो रॉसीचा ४६ आकडा दिसतो. पास विकणाऱ्या सेवेतून असा चाहता तयार होईल असं मला वाटत नाही. ती आधीच नाद लागलेल्यांसाठी असते.

नाद लागलेल्यांना मात्र टीव्हीने कधी न दिलेलं मिळतं. मोटोजीपीच्या व्हिडिओपासमध्ये हव्या त्या स्वाराच्या बाइकवरून पाहता येतं, धाकट्या गटांच्या शर्यती पूर्ण दिसतात आणि जुना संग्रह उघडा असतो. २६ जून २०१६ रोजी नेदरलँड्समधल्या असेनला मोटो३ गटात मुंबईच्या महिंद्राच्या बाइकने आपली पहिली ग्रां प्री जिंकली. स्वार होता फ्रान्चेस्को बन्याया, जो पुढे २०२२ आणि २०२३ मध्ये मोटोजीपीचा विश्वविजेता झाला. पास घेतलाच असेल तर आधी ती शर्यत लावा, आणि निकाल माहीत असूनही शेवटची फेरी पुढे पळवू नका.