कोको बियांचे सीमाशुल्क वर्गीकरण : आठ अंकांचे महत्त्व

चेन्नईनजीकचे ओरगडम हे वाहन उद्योगाचे केंद्र म्हणून सर्वपरिचित आहे. तेथील एखाद्या लघुउद्योजकाने चॉकलेटनिर्मितीसाठी घानाहून कोको बिया मागविण्याचे ठरविले, अशी कल्पना करू या. भाव ठरला, जहाजही निश्चित झाले. परंतु चेन्नई बंदरात सर्वप्रथम प्रश्न येतो तो मालाच्या नेमक्या वर्गीकरणाचा.

१ जानेवारी १९८८ पासून अमलात असलेल्या आंतरराष्ट्रीय सुसंगत प्रणालीत प्रत्येक वस्तूस सहा अंकी संकेतांक असतो. भारतात सीमाशुल्क दर अधिनियम, १९७५ च्या अनुसूचीत तो आठ अंकी होतो. कोकोसाठी प्रकरण १८ असून, कोको बियांचा संकेतांक १८०१ ०० ०० हा आहे.

बी कच्चे असो वा भाजलेले, अखंड असो वा फुटलेले, ते १८०१ मध्येच राहते. टरफले व टाकाऊ भाग १८०२ मध्ये येतात. बी दळून लगदा झाला की १८०३, त्यातून निघालेले लोणी १८०४, साखरविरहित भुकटी १८०५ आणि साखर मिसळलेली भुकटी व चॉकलेट १८०६. पांढऱ्या चॉकलेटमध्ये कोकोचे लोणी असूनही ते साखरमिठाईच्या १७०४ मध्ये, तर चॉकलेटचे बिस्किट १९०५ मध्ये मोडते. थोडक्यात, व्यवहारातील नावापेक्षा मालाचे स्वरूप निर्णायक ठरते.

२०११ पासून शुल्काची आकारणी प्रथम आयातदारानेच करावयाची असते. संकेतांक चुकल्यास फरकाचे शुल्क, त्यावरील व्याज आणि प्रसंगी दंडही भरावा लागतो. शिवाय कंटेनर अडकून पडल्यास बंदराचे भाडे वाढत जाते. लघुउद्योजकाचे खेळते भांडवल त्यातच गुंतून पडते. शुल्काचे दर अधिसूचनांद्वारे बदलत असल्याने ते वेळोवेळी तपासणे इष्ट. वर्गीकरणाविषयी शंका असल्यास आयातीपूर्वीच सीमाशुल्क अग्रिम निर्णय प्राधिकरणाकडे अर्ज करता येतो.

बँकेची कसोटी मात्र निराळी आहे. लेटर ऑफ क्रेडिटच्या व्यवहारात बँक माल नव्हे, तर कागदपत्रे तपासते. २००७ पासून लागू असलेल्या यूसीपी ६०० नियमांनुसार बीजकातील मालाचे वर्णन लेटर ऑफ क्रेडिटमधील वर्णनाशी जुळावे लागते. ‘अखंड कोको बिया’ असे नमूद असताना बीजकात ‘सोललेले कोकोचे तुकडे’ असे आल्यास, सीमाशुल्काचे शीर्षक तेच असूनही बँकेच्या दृष्टीने ती विसंगतीच ठरते आणि रक्कम अदा होण्यास विलंब होतो. तसेच २०१६ पासून बिल ऑफ एंट्रीची माहिती संगणकीय प्रणालीद्वारे बँकेकडे येत असून, परदेशी पाठविलेल्या रकमेशी तिचा मेळ घातला जातो.

म्हणून ओरगडमचा उद्योजक असो वा बारामतीचा, त्याने पुरवठादाराकडून मालाचे अचूक वर्णन लेखी घ्यावे, सीमाशुल्क दलालाकडून संकेतांक पडताळून घ्यावा आणि त्यानंतरच लेटर ऑफ क्रेडिटचा अर्ज भरावा. शाखेतील कर्मचाऱ्यांनीही अर्ज स्वीकारताना मालाविषयी एवढी विचारणा केल्यास ग्राहकाचे पुढील नुकसान टळू शकते.