पास देण्याआधी

कोल्हापुरात फुटबॉल पेठेचा असतो. तालमींच्या नावाने संघ उतरतात, शाहू स्टेडियम भरते आणि प्रेक्षकांतला प्रत्येक जण स्वतःला प्रशिक्षक समजतो. २०१७ मध्ये भारतात सतरा वर्षांखालील मुलांचा विश्वचषक झाला, त्यात इथला अनिकेत जाधव खेळला. मी दहा ते तेरा वर्षांच्या मुलांना शिकवतो. पास ही मुळात नजरेची गोष्ट आहे, हे मला फार उशिरा कळले.

पायाचे काम तसे सोपे. टेकलेला पाय चेंडूच्या शेजारी, त्याची बोटे पास जायच्या दिशेला. मारणारा पाय बाहेर वळवायचा, घोटा ताठ ठेवायचा आणि पावलाच्या आतल्या बाजूने चेंडूच्या मध्यावर मारायचे. खालून लागला की चेंडू उडतो. समोरासमोर दोन रांगा उभ्या करून मी वर्षानुवर्षे हेच घोटून घेतले. रांगेत न चुकणारी मुले सामन्यात मात्र तिसऱ्या पासाला चेंडू घालवीत. रांगेत ठरवायचे काही नसतेच. कुणाला, कधी, किती जोराने, त्याच्या कोणत्या पायावर, हे सगळे मीच आधी ठरवून टाकलेले असे.

नॉर्वेचे संशोधक गेइर योर्डेट यांनी इंग्लंडच्या प्रीमियर लीगमधल्या खेळाडूंचे चित्रण तपासले. चेंडू पायाशी येण्यापूर्वी खेळाडू किती वेळा मान वळवून आजूबाजूला बघतो, हे त्यांनी मोजले. जास्त वेळा बघणाऱ्यांचे पास जास्त वेळा योग्य जागी पोहोचत होते. हे वाचून मी मुलांना ‘बघा, बघा’ सांगू लागलो. मुले बघत, पण भलत्याच वेळी. आमचे मैदान खडबडीत. चेंडू शेवटच्या क्षणी उसळतो, म्हणून तेव्हा नजर त्याच्यावरच हवी. बघायची वेळ त्याआधीची. तुम्हाला पास देणार असलेल्या सवंगड्याकडे चेंडू जात असतो, तेवढाच अवकाश. तेवढ्यात मान फिरवायची, अंग अर्धे वळवून उभे राहायचे, म्हणजे लांबच्या पायावर चेंडू घेताच समोरचे मैदान दिसते.

हे सांगून येत नाही, खेळून येते. आठ-दहा मीटरचा चौकोन, कडेला चार मुले आणि मध्ये एकावर राज्य. ज्याचा पास अडतो, त्याच्यावर पुढचे राज्य. जमू लागले की मध्ये दोघे. स्पॅनिशमध्ये याला रोंडो म्हणतात. बार्सिलोनाच्या मुलांच्या संघांत १९७० च्या दशकात लौरेआनो रुइझ यांनी तो रुजवला; १९८८ मध्ये योहान क्रायफ प्रशिक्षक होऊन आले आणि मोठ्यांच्या सरावातही त्याला मानाचे स्थान मिळाले. आमच्या मुलांना तो शिकवावा लागलाच नाही. राज्य घेणे त्यांना गल्लीतूनच ठाऊक होते!

अडचण होती ती माझ्या तोंडाची. सामन्यात मी रेषेवरून ओरडायचो, ‘डावीकडे दे! मागे दे!’ म्हणजे मुलांचे बघण्याचे काम मीच करत होतो आणि मुले माझ्या आवाजाला पास देत होती.

एक मुलगा मात्र माझे ऐकत नसे. सांगितले त्याच्या उलट, मोकळ्या जागेत चेंडू ढकलायचा. तिथे कुणी नसायचे आणि चेंडू जायचा. याला डोके नाही, असे मी सर्वांदेखत म्हणालो आणि एका सामन्यात अर्ध्यावर बाहेर बसवले. काही महिन्यांनी एका पालकाने मोबाइलवर काढलेले त्या सामन्याचे चित्रण बघायला मिळाले. मी ते चार-पाचदा मागे नेले. त्याने चेंडू ढकलला ती फट बरोबर होती. पास देण्याआधी त्याने दोनदा मान वळवली होती. तिथे धावायला हवा होता तो आघाडीचा मुलगा जागेवर उभा होता, माझ्याकडे बघत.

आता सामन्याचा पहिला अर्धा मी तोंड मिटून बसतो. पालक चिडतात, पैसे घेऊन हा गप्प बसतो, असे एकाने ऐकवलेही. त्या मुलाच्या घरी मी दोनदा जाऊन आलो. तो आता क्रिकेटला जातो.