माध्यमांतर आणि प्रेक्षकाचा अभिप्राय : काही सोव्हिएत व पूर्व युरोपीय चित्रपटांच्या संदर्भात

१

साहित्यकृतीवर आधारलेला चित्रपट पाहून बाहेर पडणाऱ्या प्रेक्षकाचा पहिला अभिप्राय बहुधा तुलनेचा असतो. मूळ कथेतील अमुक प्रसंग गाळला, तमुक पात्र वाढवले, शेवट बदलला, अशा नोंदी तो करतो आणि या नोंदींच्या आधारेच चित्रपटाचे मूल्य ठरवू पाहतो. या तुलनेमागे 'मूळ कृतीशी इमान' हा निकष गृहीत धरलेला असतो. साहित्याच्या अभ्यासकाला तर तो विशेष जवळचा वाटतो, कारण संहितेचे पावित्र्य जपण्याचा संस्कार त्याच्यावर झालेला असतो. हा निकष सर्वस्वी निरर्थक आहे असे नाही. परंतु तो अपुरा आहे. चित्रपटाने मूळ कृतीत काय बदलले हे तो सांगतो; ते का बदलले आणि त्या बदलाने मूळ कृतीवर कोणता प्रकाश पडला, याविषयी तो मौन पाळतो.

माध्यमांतर हे मूळ कृतीचे एक वाचन असते, आणि दिग्दर्शकाने केलेला प्रत्येक महत्त्वाचा बदल हे त्या वाचनातील एक विधान असते, ही भूमिका प्रस्तुत लेखात मांडावयाची आहे. त्यासाठी चार चित्रपटांचा विचार केला आहे. सोव्हिएत चित्रपट म्हटला की आइझेनस्टाइन आणि तार्कोव्हस्की ही दोन नावे आपल्याकडे तत्काळ आठवतात. त्यांच्या पलीकडचे, तुलनेने कमी परिचित असलेले हे चित्रपट आहेत. त्यांपैकी दोन सोव्हिएत, एक चेक आणि एक हंगेरियन आहे. चौघांच्याही मुळाशी त्या त्या भाषेतील मान्यवर लेखकाचे गद्य आहे.

२

या चित्रपटांकडे वळण्यापूर्वी मराठी प्रेक्षक कोणत्या स्थितीत ते पाहतो, हे ध्यानात घ्यावे लागेल. पुण्यात १९६४ मध्ये स्थापन झालेला राष्ट्रीय चित्रपट संग्रह आणि ठिकठिकाणची चित्रपट मंडळे यांच्यामुळे महाराष्ट्रातील एका मर्यादित वर्गाला युरोपीय चित्रपटांचा परिचय झाला. चित्रपट मंडळांची भिस्त बऱ्याच अंशी परदेशी दूतावासांकडून मिळणाऱ्या प्रतींवर असे. दूतावास अर्थातच आपल्या शासनाने प्रदर्शनास मान्यता दिलेले चित्रपटच पाठवीत. परिणामी, त्या काळी 'सोव्हिएत चित्रपट' या नावाखाली जे अभिप्राय तयार झाले, त्यांत कपाटबंद करून ठेवलेल्या चित्रपटांना स्थान असणे शक्यच नव्हते. प्रेक्षकाचा अभिप्राय हा त्याच्या अभिरुचीइतकाच उपलब्धतेवरही अवलंबून असतो, याचे हे बोलके उदाहरण होय.

दुसरी गोष्ट भाषेची. रशियन, चेक वा हंगेरियन संवाद आपल्यापर्यंत इंग्रजी उपशीर्षकांतून पोहोचतात आणि मूळ साहित्यकृती वाचलीच असेल तर तीही अनुवादातूनच वाचलेली असते. म्हणजे 'मूळ कृतीशी इमान' तपासू पाहणाऱ्या प्रेक्षकाच्या हाती मूळ कृती नसतेच. तिचा अनुवाद आणि चित्रपटाच्या संवादांचा संक्षेप यांचीच तुलना तो करीत असतो. या मर्यादेचे भान ठेवले तर शब्दाशब्दाच्या तुलनेपेक्षा रचनेतील बदलांकडे लक्ष देणे अधिक फलदायी ठरते, कारण प्रसंगांचा क्रम, निवेदकाचे स्थान आणि कृतीचा शेवट या गोष्टी अनुवादातही बऱ्याच अंशी टिकून राहतात.

३

अलेक्सांद्र आस्कोल्दोव यांचा 'कमिसार' (१९६७) हा चित्रपट वासिली ग्रोसमन यांच्या 'बेर्दिचेव गावात' (१९३४) या कथेवर आधारलेला आहे. क्रांतीनंतरच्या यादवीच्या काळात लाल सैन्यातील वाविलोवा ही अधिकारी स्त्री गरोदर राहते आणि बाळंतपणासाठी तिला येफिम मागाझान्निक या गरीब ज्यू कारागिराच्या घरी ठेवले जाते. आरंभी परस्परांना परके असणारे हे दोन जीवनक्रम हळूहळू जवळ येतात. अखेरीस शत्रुसैन्य गावाशी येऊन ठेपते, तेव्हा वाविलोवा आपले तान्हे मूल त्या कुटुंबाच्या स्वाधीन करून पुन्हा युद्धावर जाते. कथेचा हा सांगाडा चित्रपटाने कायम ठेवला आहे.

परंतु आस्कोल्दोव यांनी एक प्रसंग असा घातला आहे की, जो कथेत नाही आणि असूही शकत नव्हता. तोफांच्या माऱ्यात सारे कुटुंब तळघरात लपून बसले असता वाविलोवाच्या दृष्टीपुढे भविष्यातील एक दृश्य उभे राहते. कपड्यांवर ज्यूंची तारकाखूण लावलेली माणसे रांगेने मृत्युछावणीकडे चालली आहेत आणि त्यांत तिला आश्रय देणारे हे कुटुंबही आहे. इमानाच्या निकषावर पाहिले तर ही उघड घुसखोरी ठरते. १९२० च्या सुमारास घडणाऱ्या कथानकात दोन दशकांनंतरची घटना आणण्याचा अधिकार दिग्दर्शकाला कोणी दिला, असा आक्षेप प्रेक्षक घेऊ शकतो.

या आक्षेपाचे उत्तर इतिहासात आहे. सप्टेंबर १९४१ मध्ये बेर्दिचेव येथील ज्यूंची नाझींनी सामूहिक हत्या केली आणि मृतांत ग्रोसमन यांची आईही होती. १९३४ साली लेखकाला जे ठाऊक असणे शक्य नव्हते, ते १९६७ साली त्या कथेच्या कोणत्याही जाणत्या वाचकाला विसरणे शक्य नव्हते. बेर्दिचेव हे गावाचे नावच आता निरागस उरलेले नव्हते. वाविलोवाने आपले मूल ज्या घरात ठेवले, त्या घराचे पुढे काय होणार हे आपण जाणतो, आणि म्हणून तिच्या त्यागाचा अर्थही आपल्यापुरता बदलतो. भावी पिढीसाठी लढावयास जाणारी आई आपल्या मुलाला नकळत संहाराच्या वाटेवर सोडून जाते. आस्कोल्दोव यांनी कथेत भर घातली असे म्हणण्यापेक्षा काळाने कथेत जी भर घातली होती ती त्यांनी पडद्यावर आणली, असे म्हणणे अधिक योग्य होईल.

या वाचनाची किंमत दिग्दर्शकाला मोजावी लागली. ज्यू कुटुंबाचे सहानुभूतिपूर्ण चित्रण आणि हा भविष्यदर्शनाचा प्रसंग अधिकाऱ्यांना आक्षेपार्ह वाटला. चित्रपट दडपला गेला, आस्कोल्दोव यांची पक्षातून हकालपट्टी झाली आणि पुढे त्यांना एकही कथापट करता आला नाही. १९८७ मध्ये मॉस्कोच्या महोत्सवात तो प्रथम लोकांसमोर आला आणि १९८८ मध्ये बर्लिन महोत्सवात त्याला परीक्षकांचे विशेष पारितोषिक मिळाले. एखादा बदल किती अर्थपूर्ण आहे हे कधी कधी समीक्षकाच्या आधी सत्ताधाऱ्याला कळते, ही गोष्ट या ठिकाणी नोंदविण्याजोगी आहे.

४

लारिसा शेपित्को यांच्या 'आरोहण' (१९७७) या चित्रपटाबाबत प्रश्न अधिक अवघड होतो. बेलारूसी लेखक वासिल बीकोव यांच्या 'सोत्निकोव' (१९७०) या लघुकादंबरीवर तो आधारलेला आहे. जर्मनव्याप्त बेलारूसमध्ये, कडाक्याच्या हिवाळ्यात, सोत्निकोव आणि रिबाक हे दोन गनिमी सैनिक अन्नाच्या शोधात निघतात आणि पकडले जातात. आजारी, अशक्त सोत्निकोव छळ सोसूनही काही सांगत नाही आणि फाशी जातो. धट्टाकट्टा, व्यवहारकुशल रिबाक जगण्यासाठी शत्रूच्या पोलिसांत सामील होतो.

बीकोव यांच्या निवेदनात या दोघांचे दृष्टिकोण आलटून पालटून येतात. रिबाक एकेक पायरी कसा उतरतो, प्रत्येक पायरीवर स्वतःची समजूत कशी घालतो, हे वाचक आतून अनुभवतो. आज वेळ मारून नेऊ, उद्या संधी साधून निसटू, हा त्याचा युक्तिवाद वाचकाला काही काळ पटतोही, आणि कादंबरीचे नैतिक बळ या पटण्यातच आहे. शेपित्को यांनी हा समतोल राखलेला नाही. त्यांच्या कॅमेऱ्याचे लक्ष सोत्निकोवच्या चेहऱ्यावर खिळलेले आहे. कृष्णधवल छायाचित्रणात तो चेहरा उत्तरोत्तर उजळत जातो आणि रशियन धर्मचित्रांतील ख्रिस्ताची आठवण करून देतो. फाशीनंतर गर्दीतील एक वृद्धा रिबाकला 'जूडास' म्हणते, तेव्हा हे रूपक पुरते उघड होते.

येथे प्रेक्षकांचे अभिप्राय दुभंगतात आणि दोन्ही पक्षांना आधार आहे. कादंबरीतील रिबाक हा आपल्यापैकीच कोणीतरी असू शकतो. 'जूडास' असे नाव मिळताच तो आपल्यापासून दूर जातो आणि वाचकाला अस्वस्थ करणारा प्रश्न बोथट होतो, हा आक्षेप योग्यच आहे. दुसऱ्या बाजूने असेही म्हणता येते की, फाशीनंतरही चित्रपट संपत नाही. रिबाक शौचकूपात गळफास घेण्याचा प्रयत्न करतो आणि तोही फसतो. अखेरची काही मिनिटे कॅमेरा त्याच्याच चेहऱ्यावर आहे. जगण्यासाठी सर्व काही दिलेल्या माणसाला आता जगण्यावाचून दुसरी वाट उरलेली नाही. कादंबरीने विचारांच्या साखळीतून जे दाखविले, ते चित्रपट एका निःशब्द चेहऱ्यातून दाखवितो. माध्यमांतराने येथे काही गमावले आहे आणि काही कमावले आहे. या हानिलाभाचा हिशेब मांडणे हेच अभिप्रायाचे काम होय.

५

यिर्झी मेन्झेल यांचा 'क्लोजली वॉच्ड ट्रेन्स' (१९६६) हा बोहुमिल ह्राबाल यांच्या १९६५ च्या लघुकादंबरीवर आधारलेला चेक चित्रपट येथे उद्बोधक ठरतो. याच्या पटकथेत स्वतः ह्राबाल सहभागी होते. त्यामुळे लेखकावर अन्याय झाल्याची तक्रार करण्यास वाव नाही. तरीही बदल मोठे आहेत. महायुद्धाच्या अखेरीस एका लहानशा रेल्वे स्थानकावर उमेदवारी करणारा मिलोश हा तरुण जर्मनांची दारूगोळ्याची गाडी उडवून देतो आणि मारला जातो. कादंबरीत तो स्वतःच निवेदक आहे. अखेरीस तो आणि एक जर्मन सैनिक एकमेकांच्या गोळ्यांनी जखमी होऊन बर्फात पडतात, आणि मरणाऱ्या शत्रूचे माणूसपण त्याला जवळून दिसते. चित्रपटात हा जर्मन सैनिक नाही. गाडीवरील पहारेकऱ्याची गोळी लागून मिलोश क्षणात नाहीसा होतो आणि स्थानकात त्याच वेळी एका क्षुल्लक शिस्तभंगाची चौकशी चालू असते.

ह्राबाल यांचा शेवट करुण आहे. मेन्झेल यांचा शेवट अकस्मात आहे. चित्रपटाच्या आरंभी आई मिलोशच्या डोक्यावर रेल्वेची टोपी एखाद्या राजमुकुटासारखी ठेवते. अखेरीस स्फोटाच्या वाऱ्याने उडून आलेली ती टोपीच तेवढी मागे उरते. कादंबरीतील निवेदकाचा आवाज गेला, पण त्याच्या जागी एका वस्तूचा प्रवास आला. हा चित्रपट ऑस्करचा मानकरी ठरला. याच लेखक-दिग्दर्शकांच्या जोडीचा 'लार्क्स ऑन अ स्ट्रिंग' (१९६९) मात्र १९६८ च्या सोव्हिएत आक्रमणानंतर बदललेल्या वातावरणात अडकला आणि १९९० मध्येच प्रकाशात आला.

६

या चित्रपटांविषयी आणखी एक अभिप्राय नेहमी ऐकू येतो. तो म्हणजे 'संथ' हा. झोल्तान हुसारिक यांच्या 'सिंदबाद' (१९७१) या हंगेरियन चित्रपटाला तो सहज लागू होईल. ज्युला क्रूदी (१८७८–१९३३) यांच्या कथांत सांगण्याजोगे कथानक फारसे नसते. एक वयस्क विलासी पुरुष जुन्या प्रेयसींना, ऋतूंना आणि चवींना आठवत राहतो, आणि एका आठवणीतून दुसरी उमलते. अशा गद्याचे माध्यमांतर घटनांच्या साखळीतून करता येत नाही. हुसारिक यांनी चित्रपटाचा आरंभच निखारे, उमलते फूल, द्रवावर तरंगणारे स्निग्ध थेंब, केसांची बट अशा समीपदृश्यांनी केला आहे. खानावळीतील प्रदीर्घ भोजनप्रसंगात सिंदबाद चवीचवीने जेवतो आणि वाढपी त्याला आपल्या संसाराची विस्कटलेली कहाणी सांगतो. खाण्याचा आनंद आणि समोरच्याचे दुःख यांची ही सलगता हाच प्रसंगाचा आशय आहे. येथे संथपणा हा दोष मानला तर क्रूदी यांच्या लांबत जाणाऱ्या, रेंगाळणाऱ्या गद्यालाच दोष द्यावा लागेल. घटनांच्या दृष्टीने मुक्त असलेला हा चित्रपट शैलीच्या दृष्टीने अत्यंत इमानी आहे.

७

वरील विवेचनातून काही निष्कर्ष हाती येतात. इमान ही एकसंध कल्पना नाही. घटनांशी इमान, निवेदनाच्या दृष्टिकोणाशी इमान, शैलीशी इमान आणि मूळ कृतीला पुढे प्राप्त झालेल्या ऐतिहासिक अर्थाशी इमान या चार वेगळ्या गोष्टी आहेत. 'कमिसार' चौथ्या प्रकारचे इमान राखण्यासाठी काळाची चौकट मोडतो. 'आरोहण' घटनांशी प्रामाणिक राहून दृष्टिकोणाचा समतोल बदलतो. 'क्लोजली वॉच्ड ट्रेन्स' निवेदकाला सोडतो आणि लेखकाच्या संमतीनेच नवा शेवट घडवितो. 'सिंदबाद' कथानकाकडे पाठ फिरवून शैलीला धरून राहतो. एकाच निकषाने या चौघांचे मोजमाप केल्यास चौघांवरही अन्याय होईल.

पदव्युत्तर वर्गात साहित्य आणि चित्रपट यांचा संबंध शिकविताना विद्यार्थ्यांकडून फरकांची यादी करून घेण्याचा प्रघात उपयुक्त असला, तरी ती केवळ पूर्वतयारी आहे. यादीतील प्रत्येक फरकासमोर त्याचे प्रयोजन लिहिण्याचा आग्रह धरला, तर विद्यार्थ्याला मूळ कृतीकडे पुन्हा जावे लागते, आणि या वेळी तो ती अधिक सावधपणे वाचतो. 'कमिसार' पाहिल्यानंतर ग्रोसमन यांच्या कथेतील निरोपाचा प्रसंग पूर्वीच्या सहजतेने वाचता येत नाही. एखाद्या माध्यमांतराविषयी प्रेक्षकाने अनुकूल मत द्यावे की प्रतिकूल, हे ठरविताना वाचनात पडलेला हा फरक त्याने प्रथम लक्षात घ्यावयास हवा.