पाकिटातल्या तीन गोष्टी

मृग लागायच्या सुमाराला विदर्भ-मराठवाड्यातल्या कृषी सेवा केंद्रांपुढे गर्दी होते. कपाशीचं जे पाकीट माणूस घरी आणतो, त्यात अनेक वर्षं तीन गोष्टी असत. 450 ग्रॅम बीटी सरकी, तिच्यावर चढवलेला लालसर औषधी लेप आणि सोबत 120 ग्रॅमची एक लहान पुडी, तिच्यात साधी, बीटी नसलेली सरकी.

जनुक बदललेल्या पिकांनी मित्रकीटकांचं काय केलं, यावर पाव शतक वाद चालू आहे. तो बहुतेक वेळा पहिल्याच गोष्टीभोवती, म्हणजे जनुकाभोवती घुटमळतो. लेप आणि पुडी यांच्याकडे फारसं कुणी पाहिलं नाही. या आढाव्यात तिन्ही उघडून पाहू.

जनुक

बीटीच्या कहाणीतला पहिला बळी मित्रकीटकच होता. 1901 मध्ये जपानमध्ये रेशमाच्या अळ्या पटापट मरू लागल्या, तेव्हा इशिवाता या संशोधकाने त्यामागचा जिवाणू शोधून काढला. दहा वर्षांनी जर्मनीतल्या थुरिंगिया प्रांतात बर्लिनर यांना तोच जिवाणू पिठातल्या पतंगात सापडला आणि प्रांतावरून त्याला ‘बॅसिलस थुरिंजिएन्सिस’ हे नाव मिळालं. त्याचीच आद्याक्षरं म्हणजे बीटी. या जिवाणूचं प्रथिन अळीच्या अल्कधर्मी आतड्यात विरघळतं, तिथल्या ठरावीक पेशींना चिकटतं आणि आतड्याला भोकं पाडतं. चिकटायला तशी जागाच नसेल, तर ते निरुपद्रवी. कपाशीतली ‘क्राय’ प्रथिनं पतंगवर्गीय अळ्यांपुरती आहेत. ढालकिडा, मधमाशी, कोळी यांच्या पोटात ती गेली तरी पचून जातात.

हे कागदावर झालं. 1998 मध्ये स्वित्झर्लंडमधल्या प्रयोगात बीटी मका खाल्लेल्या अळ्या क्रायसोपा या भक्षक मित्रकीटकाच्या पिल्लांना खायला दिल्या, तर पिल्लं जास्त प्रमाणात मेली. खळबळ उडाली. पुढे तेच प्रथिन पिल्लांना थेट पाजून पाहिलं, तेव्हा काही झालं नाही. दोष विषाचा नव्हता, भक्ष्याचा होता. अर्धमेल्या अळ्या खाऊन क्रायसोपाचं पोषण होत नव्हतं.

दुसरं वादळ फुलपाखराचं. मे 1999 मध्ये कॉर्नेल विद्यापीठातल्या जॉन लोझी आणि सहकाऱ्यांनी ‘नेचर’मध्ये दोन पानांपेक्षा लहान टिपण छापलं. बीटी मक्याचे परागकण भुरभुरलेली मिल्कवीडची पानं खाऊन मोनार्क फुलपाखराच्या 44 टक्के अळ्या चार दिवसांत मेल्या होत्या. मिल्कवीड ही आपल्या रुईच्या कुळातली वनस्पती. मोनार्कची अळी तिच्याशिवाय दुसरं काही खात नाही. नारिंगी पंखांचं ते फुलपाखरू लगेच आंदोलनांच्या फलकांवर चढलं. मग प्रत्यक्ष शेतांत मोजमापं झाली आणि 2001 मध्ये निष्कर्ष आला, की पानांवर पडणारे परागकण इतके थोडे असतात की धोका नगण्य. अपवाद एका जुन्या वाणाचा. तो बाजारातून गेला.

मोनार्क मात्र कमी होतच राहिलं. त्याचं एक मोठं कारण निघालं दुसऱ्याच जनुकात. अमेरिकेच्या मध्यपश्चिमेत तणनाशक सहन करणारी सोयाबीन आणि मका आली, ग्लायफोसेटची फवारणी पिकाच्या डोक्यावरून होऊ लागली आणि शेतातलं मिल्कवीड नाहीसं झालं. 1999 ते 2010 या काळात तिथलं मिल्कवीड 58 टक्क्यांनी आणि त्या भागात जन्मणारी मोनार्क 81 टक्क्यांनी घटल्याचा अंदाज 2012 मध्ये मांडला गेला. पिकातल्या विषाने फुलपाखराला हात लावला नव्हता. त्याचं ताटच कुणीतरी उचलून नेलं होतं.

ब्रिटनमधल्या मोठ्या शेतपाहणीत 2003 साली हेच दिसलं. तणनाशक-सहनशील बीट आणि मोहरीवर्गीय पिकाच्या शेतांत मधमाश्या आणि फुलपाखरं कमी भरली. मक्यात उलट झालं, कारण साध्या मक्यावर त्याहून जहाल तणनाशक मारलं जात होतं.

आपल्याकडे तणनाशक-सहनशील कपाशीला परवानगी नाही, तरी ‘चोरबीटी’ या नावाने ती शेतात आहेच. 2019 मध्ये अकोला जिल्ह्यात शेतकरी संघटनेच्या कार्यकर्त्यांनी ती जाहीरपणे पेरली. निंदणाची मजुरी परवडत नाही, हे त्यांचं गाऱ्हाणं खोटं नाही. पण कुर्डू, एकदांडी, तरोटा यांना आपण तण म्हणतो तेव्हा एक गोष्ट विसरतो. बोंडअळीच्या अंड्यात आपलं अंडं घालणारी ट्रायकोग्रामाची माशी मोठी झाल्यावर मध पिऊन जगते, आणि कपाशीला फूल येईपर्यंत तो मध या रानफुलांत असतो.

लेप

आता दुसरी गोष्ट. बीटीचं जनुक अळीसाठी आहे. मावा, तुडतुडे, पांढरी माशी यांना ते लागू पडत नाही. म्हणून सरकीवर इमिडाक्लोप्रिडसारख्या कीटकनाशकाचा लेप येतो. रोप वाढतं तसं ते विष रसाबरोबर पानात चढतं आणि पहिले काही आठवडे रस शोषणाऱ्या किडी आटोक्यात राहतात. युरोपने मधमाश्यांच्या काळजीने 2018 मध्ये इमिडाक्लोप्रिडसह याच गटातल्या तीन औषधांचा उघड्या शेतातला वापर बंद केला. आपल्याकडे जनुकावर न्यायालयापर्यंत वाद गेले, लेपावर चकार शब्द नाही.

लेप हे सुरुवातीचं औषध, नंतर फवारणीचा पंप येतो. मित्रकीटकांचा खरा हिशेब तिथे आहे. 42 शेतप्रयोगांची एकत्र छाननी 2007 मध्ये ‘सायन्स’मध्ये आली. फवारलेल्या साध्या पिकाशी तुलना केली तर बीटीत निरुपद्रवी कीटक जास्त. पण न फवारलेल्या साध्या पिकाशी केली तर काही गट बीटीत कमी. बीटी चांगलं की वाईट, हे शेजारच्या शेतात पंप चालला की नाही यावर ठरतं.

चीनने याचा मोठा पुरावा दिला. उत्तरेकडच्या सहा प्रांतांतल्या 36 ठिकाणच्या 1990 ते 2010 या काळातल्या नोंदी सांगतात, की बीटी कपाशीने फवारण्या घटल्या, ढालकिडे, क्रायसोपा आणि कोळी वाढले, मावा कमी झाला. फायदा शेजारच्या मका-भुईमुगापर्यंत पोचला. पण त्याच शेतांत फवारणी थांबल्यामुळे मिरिड ढेकूण माजले आणि त्यांच्यासाठी पंप पुन्हा निघाला.

भारतातली गोष्ट याच वळणाने गेली. मार्च 2002 मध्ये बीटी कपाशीला परवानगी मिळाली, 2006 मध्ये दोन जनुकांचं वाण आलं आणि काही वर्षांत नव्वद टक्क्यांहून जास्त कपाशी बीटी झाली. हिरव्या बोंडअळीवरच्या फवारण्या खरोखर घटल्या. मग शोषक किडी पुढे आल्या. पिठ्या ढेकणाने 2006 च्या आसपास शेतकऱ्यांना रडवलं, पण तो आवरला एका इवल्या परोपजीवी माशीने. ‘एनेसियस’ वंशातली ही माशी कुणी सोडली नव्हती. ती आपणहून शेतात आली आणि ढेकणाच्या पोटात अंडी घालून तिने त्याला वेसण घातली. पंजाबात 2015 मध्ये पांढरी माशी उसळली, तेव्हा मारा औषधांचा झाला. 2020 मध्ये ‘नेचर प्लांट्स’मधल्या लेखात नागपूरच्या केंद्रीय कापूस संशोधन संस्थेचे माजी संचालक केशव क्रांती आणि मानववंशशास्त्रज्ञ ग्लेन स्टोन यांनी दाखवलं, की शेतकऱ्याचा कीटकनाशकांवरचा खर्च बीटीपूर्व काळापेक्षाही वर गेला आहे.

2017 मध्ये यवतमाळ जिल्ह्यात फवारताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर गेले. माणसाला जे झेपलं नाही, ते त्याच शेतातल्या ढालकिड्याला कसं झेपणार? त्याची नोंद मात्र कुठल्याच पंचनाम्यात झाली नाही.

पुडी

त्याच वर्षी, म्हणजे 2017 मध्ये, गुलाबी बोंडअळी दोन्ही जनुकांना पुरून उरली होती. डोमकळ्या, म्हणजे अळीमुळे नीट न उमललेली फुलं, दिसू लागल्या आणि बोंडं आतून किडली. तिला रोखण्यासाठीच ती तिसरी गोष्ट, लहान पुडी होती. बीटीभोवती साधी कपाशी लावायची, तिथे थोड्या अळ्या जगू द्यायच्या, म्हणजे बीटीला बळी पडणारे पतंग उरतात आणि सहनशील पतंगांशी त्यांचा संकर होऊन प्रतिकारशक्ती पसरायला वेळ लागतो. पण स्वतःच्या जमिनीवर किडीला मुद्दाम पोसायचं, हे कुणाच्या गळी उतरेना. बहुतेक पुड्या बांधावर पडल्या. त्यात लांब मुदतीची संकरित वाणं आणि फरदडीचा, हंगाम संपल्यावरही कपाशी उभी ठेवण्याचा मोह, म्हणजे अळीला वर्षभराची सोय.

पुडीत आणखी एक शहाणपण होतं, ते मित्रकीटकांना उपयोगाचं. मित्राला जगायला शत्रू लागतो. अळीच नसेल तर तिच्यावर जगणारी माशी उपाशी मरते. पुढे अळी परतली की तिला अडवायला कुणी नसतं. पूर्ण निर्जंतुक शेत हे सर्वांत असुरक्षित शेत असतं. ट्रायकोग्रामा शेतात सोडणारी ट्रायकोकार्ड आणि पतंगांना गंधाने ओढणारे कामगंध सापळे वापरणारे शेतकरी हे जाणतात. म्हणून नुकसानीची पातळी ओलांडेपर्यंत ते थांबतात.

आता ती पुडी वेगळी मिळत नाही. शेतकरी लावत नाही म्हणून साधी सरकी बीटीतच मिसळून देण्याची पद्धत आली. जनुक कोणतं, लेप कोणता, मिसळ किती, हे सगळं पाकिटावर छापलेलं असतं. बांधावरचा कुर्डू किती दिवस उभा ठेवायचा आणि पंप कधी खांद्यावर घ्यायचा, एवढंच त्यावर लिहिलेलं नसतं.