‘मी बघतो’ म्हणणारे साहेब साक्षीला येत नाहीत

"साहेबांनी सांगितलं म्हणून सही केली. माझा काय दोष?" परभणीत कुठल्याही कचेरीबाहेरच्या चहाच्या टपरीवर थोडा वेळ थांबा, हे वाक्य कानावर पडतंच. म्हणणारा बहुतेक वेळा लबाड नसतो. पापभीरू असतो, एकादशी करतो, मुलीच्या लग्नाच्या काळजीत असतो. हुकूम वरून आला म्हणजे जबाबदारीही वरचीच, असं त्याला मनापासून वाटतं. हे साफ चूक आहे.

राज्य सरकारी कर्मचाऱ्यांना लागू असलेल्या महाराष्ट्र नागरी सेवा (वर्तणूक) नियम, १९७९ मधला तिसरा नियम काढून वाचा. कर्मचाऱ्यानं स्वतःच्या विवेकबुद्धीला धरून काम करायचं. वरिष्ठाच्या निर्देशावरून वागायचं असेल, तर तो निर्देश शक्य तिथे लेखी घ्यायचा. लगेच जमलं नाही, तर नंतर लवकरात लवकर लेखी दुजोरा मिळवायचा. म्हणजे "साहेब, लेखी द्या" म्हणणं हा उद्धटपणा नाही. ते नियमानं नेमून दिलेलं काम आहे. महागाई भत्त्याचं परिपत्रक तोंडपाठ असलेल्या मंडळींनी हा नियम मात्र पाहिलेला नसतो. असो.

फौजदारी कायदा याहून कडक. आधीच्या भारतीय दंड संहितेत कलम ७६ होतं. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेत ते कलम १४ झालं. ते संरक्षण देतं कायद्यानं बांधील असलेल्याला, किंवा वस्तुस्थिती समजण्यात प्रामाणिक चूक होऊन स्वतःला बांधील मानणाऱ्याला. "हे बेकायदा आहे हे मला माहीत नव्हतं" ही सबब त्यात बसत नाही. आणि "दबाव होता हो" याचंही उत्तर तिथेच, कलम ३२ मध्ये आहे. धमकीखाली केलेल्या कृत्याला सूट मिळते ती जागच्या जागी जीव जाण्याची रास्त भीती असेल तर, आणि तीही सगळ्या गुन्ह्यांना नाही. गोपनीय अहवाल खराब होईल, पालमला किंवा सोनपेठला फेकतील, ही भीती खरी असते. पण कायदा ती मोजत नाही.

आपल्याच जिल्ह्यातलं उदाहरण घ्या. गंगाखेड शुगर अँड एनर्जी या कारखान्याशी संबंधित प्रकरणात २०१७ मध्ये गुन्हा नोंदवला गेला. शेतकऱ्यांच्या नावावर, त्यांना पत्ता न लागता, बँकांतून कर्जं उचलली गेली, असा आरोप होता. डिसेंबर २०२० मध्ये सक्तवसुली संचालनालयानं सुमारे २५५ कोटी रुपयांची मालमत्ता जप्त केली. दोष कोणाचा, हे ठरवणं न्यायालयाचं काम. मला बोलायचंय ते कागदांबद्दल. पीककर्जाची एक फाईल म्हणजे अर्ज, सातबारा, ओळखीची कागदपत्रं, खातं उघडणं, मंजुरी, वाटप. प्रत्येक टप्प्यावर कोणीतरी ‘पाहिलं’ म्हणून सही करतो. शेतकरी समोर आलाच नसेल, तर एकट्या बड्या माणसाच्या इच्छेनं अशी फाईल पुढे सरकत नाही. मधल्या सगळ्यांनी खाली मान घालावी लागते. चौकशी लागते तेव्हा पहिली विचारणा होते ती कागदावर नाव असलेल्याकडे. "करून टाका, मी बघतो" म्हणणाऱ्याचं नाव कागदावर नसतंच.

माणसं अशी का वागतात, यावर येल विद्यापीठात स्टॅनली मिलग्रम यांनी १९६१ मध्ये प्रयोग सुरू केले. चुकीचं उत्तर देणाऱ्याला विजेचा झटका द्या, असं करड्या कोटातला माणूस सांगत होता. झटके खोटे होते, पण बटण दाबणाऱ्यांना ते ठाऊक नव्हतं. १९६३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या गाजलेल्या प्रयोगात ४० पैकी २६ जण शेवटच्या ४५० व्होल्टपर्यंत गेले. हुकमापुढे वाकणं माणसाला सोपं जातं, एवढं यातून दिसतं. त्यानं दोष धुतला जात नाही.

मग करायचं काय? भांडायचं नाही. कार्यालयीन टिपणीत सरळ लिहायचं : ‘आज दिलेल्या तोंडी निर्देशानुसार सादर, अमुक नियमात ही बाब बसत नाही, लेखी आदेश व्हावेत.’ खासगी नोकरीत हेच काम दोन ओळींचा ईमेल करतो. माझं निरीक्षण असं की निम्मे चुकीचे हुकूम लेखी मागितल्याबरोबर विरघळतात. आणि बदलीचं म्हणाल, तर राज्याच्या २००५ च्या बदल्यांच्या कायद्यानुसार मुदतीआधी बदली करायला कारणं लेखी नोंदवून वरची मान्यता घ्यावी लागते. तसं झालं नसेल, तर छत्रपती संभाजीनगरला प्रशासकीय न्यायाधिकरणाचं खंडपीठ आहे.

आता बाकीचे गैरसमज, चटकन.

‘काम झाल्यावर खुशीनं दिलं, ती लाच नव्हे.’ आहे. भ्रष्टाचार प्रतिबंधक कायदा, १९८८ काम आधी की पैसे आधी, हे बघत नाही.

‘दहापेक्षा कमी माणसं असलेल्या दुकानात लैंगिक छळाची तक्रार करता येत नाही.’ येते. २०१३ च्या कायद्यानं त्यासाठी प्रत्येक जिल्ह्यात स्थानिक समिती ठेवली आहे. तक्रारीची मुदत साधारण ३ महिने.

‘सदस्याच्या भावकीनं ग्रामपंचायतीचं काम घेतलं, दर कमी लावला, मग बिघडलं कुठे?’ त्यात सदस्याचा आडून जरी वाटा असला, तरी ग्रामपंचायत अधिनियमाच्या कलम १४ नुसार पद जाऊ शकतं. दराचा प्रश्नच येत नाही.

‘सरळ चालणाऱ्याचं वाकडं होत नाही.’ हा गोड गैरसमज तेवढाच घातक. इंधन भेसळ रोखायला गेलेले मालेगावचे अपर जिल्हाधिकारी यशवंत सोनवणे यांना २५ जानेवारी २०११ रोजी मनमाडजवळ जिवंत जाळलं गेलं. जागल्यांना संरक्षण देणारा कायदा संसदेनं २०१४ मध्ये केला, पण तो अंमलात आणलेला नाही. म्हणून एकट्यानं छाती पुढे काढू नका. सहकाऱ्याला सांगा, नक्कल जपा, जावक क्रमांक घ्या.

आणि लाच देणाऱ्यांनो, तुम्हीही सुटत नाही. २०१८ च्या दुरुस्तीनंतर देणं हाही गुन्हा आहे. बळजबरीनं द्यावी लागली असेल, तर ७ दिवसांच्या आत कळवलं तरच सुटका. लाचलुचपत प्रतिबंधक विभागाचा क्रमांक १०६४ आहे. पैसे देण्याआधीच फिरवा.