सागाची उंची: बियाण्यात की जमिनीत?

वनशास्त्रात जागेचा कस ठरवण्याची एक जुनी रीत आहे. त्या जागेवरच्या सर्वांत जोमदार झाडांची उंची मोजायची, ती वयाशी ताडून पाहायची आणि त्यावरून जागेला प्रत द्यायची. भारतातल्या सागवनांच्या अशा चार प्रती ठरलेल्या आहेत. मोजायला उंचीच घेतात, कारण झाडं दाट वाढली की खोडाचा घेर झपाट्याने घटतो, पण उंचीत फारसा फरक पडत नाही. ती जमिनीची खोली, निचरा आणि ओल यांच्याशी बांधलेली असते. आल्लापल्लीच्या खोल जमिनीवर सरळसोट वाढलेला साग आणि उथळ मुरमावरचा खुरटा साग पाहिला, तर दोन्ही एकाच जातीचे आहेत यावर चटकन विश्वास बसत नाही. त्यावरून उंची जमीनच ठरवते, असं वाटू लागतं. रोपं विकणाऱ्यांच्या जाहिराती मात्र नेमकं उलट सांगतात: टिश्यू कल्चरचं रोप घ्या, उंची त्यातच आहे. माझ्या मते दोन्ही उत्तरं अपुरी आहेत, कारण प्रश्नच चुकीचा मांडलेला आहे. जनुकांमध्ये उंचीचा आकडा लिहिलेला नसतो. कोणत्या परिस्थितीत किती आणि कधीपर्यंत वाढायचं, याचे नियम तिथे असतात. ते नियम कोणत्या जागी लागू होतात, यावर उंची ठरते.

नुसत्या निरीक्षणाने याचा उलगडा होत नाही. महाबळेश्वरच्या वारा खाणाऱ्या माथ्यावर, जांभ्याच्या पातळ मातीत जांभूळ बुटकं राहतं आणि कोकणातल्या खोल जमिनीत तेच जांभूळ उंच जातं. हा वाऱ्याचा आणि मातीचा परिणाम, की पिढ्यान् पिढ्या माथ्यावर टिकलेल्या बुटक्या वाणाचा, हे डोळ्यांना कळणार नाही. त्यासाठी वेगवेगळ्या ठिकाणचं बी एकाच जमिनीत शेजारी शेजारी लावावं लागतं. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात फ्रान्समध्ये फिलिप आंद्रे द व्हिल्मोरँ यांनी युरोपच्या निरनिराळ्या भागांतल्या स्कॉट्स पाइनचं बी ले बार इथे असंच लावलं. माती एक, पाऊस एक, तरी बाल्टिक किनाऱ्याकडच्या रिगाचे पाइन सरळ वाढले आणि इतर ठिकाणच्या बियाण्याची झाडं वेगळी निघाली. 1970च्या दशकात अनेक देशांनी मिळून सागाच्या अशाच चाचण्या सुरू केल्या. त्यांत भारताच्या ओल्या पश्चिम किनाऱ्याकडचं बियाणं पावसाळी जागी जोमाने वाढलं आणि देशाच्या कोरड्या अंतर्भागातलं बियाणं बहुधा मागे पडलं. म्हणजे जागेची प्रत उंचीवरून ठरवण्याची रीत खोटी नाही, पण तिथे वाढलेलं बी कुठलं होतं हे तिने गृहीत धरलेलं असतं.

हे नियम प्रत्यक्षात कसे चालतात, ते स्वीडनमधल्या अ‍ॅस्पेनच्या झाडांवर स्पष्ट झालं आहे. रात्र ठरावीक लांबीची झाली की हे झाड शेंड्याची वाढ थांबवून हिवाळ्याची कळी धरतं. रात्रीची ही लांबी ओळखणारी जनुकांची यंत्रणा 2006 साली उजेडात आली. उत्तरेकडे उन्हाळ्यातल्या रात्री फार लहान असतात आणि हिवाळा लवकर येतो. त्यामुळे तिथलं झाड रात्र थोडी वाढताच थांबायला शिकलेलं असतं. तेच दक्षिणेत नेऊन लावलं, तर तिथली ऐन उन्हाळ्यातली रात्रही त्याला लांब वाटते. ते लवकर थांबतं आणि ऊब, पाणी, सुपीक माती सगळं हाताशी असून बुटकं राहतं. सागाची गोष्ट वेगळ्या वाटेने तिथेच पोचते. सागाचा तुरा शेंड्यावरच येतो. तो आला की मुख्य खोडाची सरळ वाढ तिथे संपते आणि बाजूच्या फांद्या पुढे होतात. पहिला तुरा कोणत्या वयात धरायचा यावर जनुकांचा मोठा ताबा असतो, पण तोवर खोड किती वर चढलेलं असेल, हे जमिनीने आणि पावसाने त्या वर्षांत काय दिलं यावर ठरतं.

यावर आक्षेप असा की शास्त्रज्ञ तर आनुवंशिकतेची टक्केवारी देतात, मग जनुकं आणि जागा यांच्यात उंचीची वाटणी होते ना? टक्केवारी खरी असते, पण ती त्या एका चाचणीपुरती. एका शेतातल्या झाडांच्या उंचीत जो फरक दिसतो, त्यातला किती जनुकांच्या फरकामुळे आहे, एवढंच ती सांगते. तीच झाडं उंचसखल, कुठे खडकाळ तर कुठे गाळाच्या उतारावर लावली की आकडा खाली येतो, आणि सपाट, सारख्या पाण्याच्या शेतात वर जातो. एकाच झाडापासून केलेली टिश्यू कल्चरची रोपं लावली तर तो शून्य होतो, कारण जनुकांत फरकच उरत नाही. म्हणून तिथे जनुकं निरुपयोगी झाली, असं कोण म्हणेल? त्या रोपांच्या उंचीत जो फरक पडेल तो सगळा जागेमुळे, हा त्याचा अर्थ. पाणी साचणाऱ्या चिकण मातीत सागाची मुळं गुदमरतात. रोप कितीही निवडक असलं तरी ते तिथे उंच होणार नाही.

दुसरा आक्षेप भौतिकशास्त्राचा. झाड जगतं ते पाणी वर ओढून, आणि गुरुत्वाकर्षणामुळे दर दहा मीटरला सुमारे एका वातावरणाएवढा जास्त ताण पाण्याच्या धारेवर येतो. कॅलिफोर्नियातला हायपेरिऑन नावाचा रेडवूड सुमारे 116 मीटर उंच आहे. 2004च्या एका अभ्यासाने अशा झाडांची कमाल मर्यादा 122 ते 130 मीटर काढली, कारण त्यापुढे शेंड्याची पानं पाण्याअभावी नीट वाढूच शकत नाहीत. मर्यादा आहे, हे मान्य. पण तिच्या जवळ जाणारी झाडं मोजकी, आणि तीही बहुतेक खोल गाळ व समुद्रावरचं धुकं मिळणाऱ्या दऱ्यांत. बाकीची असंख्य झाडं त्या मर्यादेच्या कितीतरी खाली का थांबतात, याचं उत्तर गुरुत्वाकर्षणात सापडत नाही. शिवाय जनुकं आणि परिस्थिती यांच्यातली रेघही वाटते तेवढी ठळक नाही. नॉर्वेतल्या संशोधनात एकाच आईबापांपासून, पण उबदार हवेत तयार झालेल्या स्प्रूसच्या बियांची रोपं थंड हवेतल्या बियांच्या रोपांपेक्षा उशिरा कळी धरताना आढळली. आईच्या अंगावर बी पिकताना जी हवा होती, तिची नोंद रोपाने जपली होती.

या सगळ्याचा आपल्याशी रोकडा संबंध आहे. महाराष्ट्रात 2016 ते 2019 या काळात वृक्षलागवडीची कोट्यवधींची लक्ष्यं ठेवली गेली आणि मोजणी झाली ती रोपांची. मालदांडी ज्वारी रब्बीची आहे हे जाणणारा शेतकरी ती खरिपात पेरत नाही. बी कुठलं आणि कशासाठी, हे तो आधी विचारतो. शंभर वर्षं उभं राहणाऱ्या झाडाबद्दल मात्र हा प्रश्न आपण विचारत नाही. साग, जांभूळ, हिरडा, कोणतंही रोप असो, त्याचं बी कोणत्या जंगलातल्या कोणत्या झाडांवरून घेतलं, तिथे पाऊस किती आणि जमीन कशी, याची नोंद रोपवाटिकेने रोपासोबत दिली पाहिजे. लावणाऱ्यानेही खड्डा खणण्याआधी मुरूम किती खोलीवर लागतो आणि पाणी कुठे साचतं हे पाहिलं पाहिजे. पाऊसमान बदलत असताना हे जास्तच गरजेचं आहे, कारण काल योग्य असलेलं बी उद्याच्या हवेत योग्य राहीलच असं नाही. ते तपासण्यासाठी आपल्या प्रत्येक विभागात निरनिराळ्या ठिकाणचं बी शेजारी शेजारी लावलेली प्रायोगिक वनं हवीत. झाडांचं उत्तर यायला काही दशकं लागतात, म्हणून ती आजच लावायला हवीत.