वतनदार पाटील आणि निवडलेली पंचायत

बिदर जिल्ह्यातील औराद, भालकी, बसवकल्याण आणि कलबुर्गी जिल्ह्यातील आळंद या सीमावर्ती तालुक्यांत पाटील, मालीपाटील, पोलीसपाटील, कुलकर्णी, देशमुख ही आडनावे सर्वत्र आढळतात. मुळात ती पदांची नावे होत. निजामी राजवटीत सारावसुली पाहणारा तो मालीपाटील, गावचा बंदोबस्त पाहणारा तो पोलीसपाटील आणि दप्तर सांभाळणारा तो पटवारी अथवा कुलकर्णी. पदे गेली, नावे उरली. ती पदे केव्हा व कशी गेली याची माहिती मात्र अनेकांना नसते. त्यामुळे वाड्यावरून निघालेल्या शब्दाला कायद्याचेही बळ आहे, असा समज क्वचित अजून आढळतो.

ही संस्था फार जुनी आहे. कल्याणीच्या चालुक्यांच्या काळातील कन्नड शिलालेखांत गावच्या प्रमुखास ‘गावुंड’ म्हटलेले आहे. आजचा ‘गौड’ तो हाच. पुढे बहामनी आली, बरीदशाही आली, निजामशाही आली. पण गावचा पाटील कायम राहिला. शेताची हद्द, पिकाचा अंदाज आणि कुळाची ऐपत त्याच्याइतकी दुसऱ्या कोणास ठाऊक नसे. सरकारला पगाराविना माहीतगार माणूस मिळे आणि पाटलास इनाम जमीन, वसुलीतील हक्क व मानपान मिळे. होळी पेटविण्याचा मान त्याचा, पोळ्याच्या मिरवणुकीत पुढची बैलजोडी त्याची.

या व्यवस्थेचा गावास उपयोग झाला हे नाकारण्याचे कारण नाही. परंतु तिची खोट तिच्या मुळातच होती. पद गुणावर नव्हे, जन्मावर मिळे. वारस अज्ञान असल्यास गुमास्ता काम पाही. भाऊबंद अधिक असल्यास वतनाच्या तक्षिमा पडत आणि त्यांचे तंटे पिढ्यान् पिढ्या चालत. दप्तर पटवाऱ्याच्या घरी असल्याने आपल्याच शेताची नोंद पाहावयास कुळाला त्याच्या ओसरीवर ताटकळावे लागे. शिवाय जन्मसिद्ध हक्काची दुसरी बाजू म्हणजे जन्मसिद्ध बंधन होय. येसकर, तराळ यांची कामेही वतनीच असत. तुटपुंज्या इनामाच्या व बलुत्याच्या मोबदल्यात त्यांना रात्रंदिवस राबावे लागे आणि ‘नाही’ म्हणण्याची सोय नसे. मुंबई इलाख्यात याच प्रश्नावर डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी १९२८ मध्ये विधिमंडळात विधेयक मांडले होते. वतनाचा विचार करताना केवळ वाड्याकडे पाहून भागत नाही, तो याचसाठी.

हैदराबाद राज्यात वतनदारीला पहिला धक्का सालारजंग यांच्या सुधारणांनी बसला. १८६५ च्या सुमारास जिल्हाबंदी होऊन पगारी तहसीलदार आले आणि परगण्याच्या देशमुख-देशपांड्यांच्या हाती केवळ रुसूम म्हणजे ठरावीक रक्कम राहिली. सप्टेंबर १९४८ मध्ये हैदराबाद भारतात विलीन झाले व ऑगस्ट १९४९ मध्ये जहागिरी रद्द करण्यात आल्या. अमीर-उमराव गेले तरी पाटील-पटवारी मात्र राहिले, कारण वसुलीचा सारा डोलारा त्यांच्यावरच उभा होता.

१ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यपुनर्रचना झाली. उदगीर, निलंगा व अहमदपूर हे बिदर जिल्ह्यातील तालुके मुंबई राज्यात आणि औराद, भालकी आदी भाग म्हैसूर राज्यात गेला. म्हैसूर राज्याने १९६१ मध्ये ग्रामपदे रद्द करण्याचा कायदा केला व तो १ फेब्रुवारी १९६३ पासून अमलात आला. वरिष्ठ व कनिष्ठ अशी सर्व वंशपरंपरागत ग्रामपदे त्याने संपुष्टात आणली आणि गावचे दप्तर पगारी ग्रामलेखापालाकडे आले. महाराष्ट्रात १९६७ च्या ग्राम पोलीस अधिनियमान्वये पोलीस पाटलाचे पद ठेवण्यात आले. मात्र ते नेमणुकीचे, वारशाचे नव्हे. म्हणून सीमेच्या अलीकडे पोलीस पाटील आढळतो आणि पलीकडे तो केवळ आडनावात उरला आहे. सोयरिकीच्या निमित्ताने ये-जा करणाऱ्यांचा येथे नेहमी घोटाळा होतो.

कर्नाटकाच्या या कायद्याने वतनजमिनी सरकारजमा झाल्या आणि ठरावीक रक्कम भरल्यावर वतनधारकास पुन्हा देण्यात आल्या. अशा जमिनीच्या हस्तांतरणावर १९७८ च्या दुरुस्तीने पंधरा वर्षांची बंदी घातली. आजही अशी जमीन घेणाऱ्याने पुनर्प्रदानाचा आदेश व पूर्वीच्या व्यवहारांच्या तारखा पाहून घेणे हितावह आहे.

पदे गेल्यावरही पहिल्या काही निवडणुकांत अनेक गावी पाटील घराण्यांतील माणसेच पंचायतीवर आली. त्यात गैर काही नाही. मत देणाऱ्याने ते दिले होते. खरा पालट आरक्षणाने घडविला. कर्नाटकाच्या १९८३ च्या कायद्याखाली १९८७ मध्ये मंडल पंचायतींच्या निवडणुका झाल्या, त्यांत स्त्रियांसाठी पंचवीस टक्के जागा होत्या. पुढे ७३ वी घटनादुरुस्ती आणि कर्नाटकाचा १९९३ चा पंचायत राज कायदा यांमुळे अध्यक्षपदही आळीपाळीने अनुसूचित जाती, जमाती व स्त्रिया यांच्याकडे येऊ लागले. ज्या घरातील माणसे चावडीपुढे उभी राहत, त्याच घरातील स्त्री पंचायतीच्या बैठकीची अध्यक्ष होऊ शकली.

पाटील हा गावापुरता. त्याहून मोठ्या जन्मसिद्ध सत्तेचे उदाहरण म्हणजे सुरपूरचे नायक संस्थान होय. हा भाग कलबुर्गी जिल्ह्यात होता. २००९ पासून तो यादगीर जिल्ह्यात आहे. येथील राजा वेंकटप्पा नायक अज्ञान असताना मेडोज टेलर या इंग्रज अधिकाऱ्याने कारभार पाहिला होता. १८५७-५८ च्या उठावात राजाने इंग्रजांविरुद्ध शस्त्र धरले, संस्थान गेले आणि १८६० च्या तहाने ते निजामाकडे आले. याच राजघराण्यातील, त्याच नावाचे राजा वेंकटप्पा नायक पुढे सुरपूर मतदारसंघातून विधानसभेवर अनेकदा निवडून आले. २०१३ व २०२३ या त्यांपैकी दोन खेपा. मधल्या २०१८ च्या निवडणुकीत त्याच मतदारांनी त्यांना नाकारून राजघराण्याबाहेरचा उमेदवार निवडला होता. फेब्रुवारी २०२४ मध्ये त्यांचे निधन झाले तेव्हा रिकामी झालेली जागा वारसाकडे आपोआप गेली नाही. ७ मे २०२४ रोजी तेथे पोटनिवडणूक झाली आणि त्यांच्या पुत्रालाही घरोघर जाऊन मते मागावी लागली.